सासवड ते सिपना : घुबडांच्या पंखांच्या मागावर

शनिवार, सासवडच्या पुढे

औद्योगिक पंखे आणि ब्लोअर बनवणाऱ्या कारखान्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. तिथे गिऱ्हाइकाची तक्रार वाऱ्याबद्दल क्वचितच असे; ती बहुधा आवाजाबद्दल असे. पात्यावरून वाहणाऱ्या हवेचा पातळ थर खळबळलेला असतो, आणि तो पात्याची मागची कडा सोडून जातो तिथे आवाज जन्माला येतो, हे आम्हाला पुरते ठाऊक होते; पण त्यावर उपाय म्हणून वेग कमी करणे आणि पाते मोठे करणे यापलीकडे आमची मजल फारशी गेली नाही. घुबडाचे उड्डाण मनात घर करून बसले ते या धंद्यामुळे. निवृत्तीनंतर, वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माझ्या एका मित्राबरोबर, पौषातल्या थंडीत वेगवेगळ्या जातींची घुबडे केवळ उडताना पाहायची असा बेत ठरवला. बसलेले घुबड छायाचित्रात कोणालाही दिसते. आम्हाला पंख हलताना पाहायचे होते.

पुरंदर तालुक्यातून सुरुवात करण्याचे कारण सोपे होते. या भागातल्या टेकड्या, ओढे आणि जुने वाडे घुबडांना मानवतात, आणि इथल्या लोकांना घुबडे पाहायला येणाऱ्या माणसांचे आता नवल वाटत नाही. 2018 साली याच तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने उलूक उत्सव भरवला होता. आम्ही उतरलो ते मात्र दुसऱ्याच एका वस्तीत, जिथे पडक्या वाड्याच्या माडीवर गव्हाणी घुबडांची जोडी राहते असे कळले होते. वाड्याशेजारच्या घरातल्या आजींनी आमच्या दुर्बिणी पाहिल्या आणि बजावले, "बघा की, पन दगुड नका मारू हां बाबांनो. त्यो दगुड नदीवर नेऊन घासतंय ते, आन दगुड झिजंल तसा मानूस झिजतो." ही समजूत महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ऐकू येते. घुबडाला अशुभ ठरवणाऱ्या बाकीच्या समजुतींनी त्याचे नुकसानच केले आहे. ही एक समजूत तेवढी, माझ्या मते, त्याच्या उपयोगी पडली असावी.

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने माडीच्या खिडकीत पांढरा चेहरा दिसला, आणि पुढच्याच क्षणी पक्षी खिडकीबाहेर हवेत होता. आधी पंखांचा फडफडाट आणि मग झेप हा कबुतराचा क्रम इथे नव्हताच. तो ज्वारीच्या रानाकडे वळला, बांधाच्या वर दोन-अडीच मीटर उंचीवर आला आणि इतका सावकाश उडू लागला की तो खाली कसा पडत नाही हाच प्रश्न पडावा. शिकार शोधताना गव्हाणी घुबड सेकंदाला तीन ते सात मीटर वेगाने उडते, तर कबुतराचा वेग सहज पंधरा मीटरच्या पुढे असतो. साधारण तेवढ्याच वजनाच्या कबुतराशी तुलना केली तर घुबडाच्या पंखांचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार निम्म्यावर येतो, आणि भार कमी म्हणून वेग कमी ठेवता येतो. शिवाय शरीराजवळचा पंखाचा भाग पुढच्या बाजूस जाड आणि चांगलाच बाकदार असतो, तर मागे तो एकदम पातळ होत जातो. कमी वेगात जास्त उचल मिळवण्यासाठी असाच आकार लागतो.

या संथपणाचे मोल आवाजाच्या हिशेबात कळते. पंखाच्या मागच्या कडेवर निर्माण होणारा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. बाकी सगळे तसेच ठेवून वेग निम्म्यावर आणला, तर त्या आवाजाची शक्ती बत्तिसाव्या हिश्शावर येते. तिसऱ्या हिश्शावर आणला, तर दोनशे त्रेचाळिसाव्या. घुबडाच्या शांततेचे वर्णन करताना सगळे पिसांच्या नाजूक रचनेकडे धाव घेतात, आणि ती रचना खरोखरच अद्भुत आहे. पण पंख्यांच्या कारखान्यातला माणूस म्हणून मला पहिले श्रेय वेगाला द्यावेसे वाटते. घुबड गप्प असते याचे अर्धे कारण ते घाईत नसते हे आहे.

बांधाच्या टोकाला पक्ष्याने एकाएकी दिशा बदलली, पंख वर घेऊन तो हवेत क्षणभर जागच्या जागी थांबला आणि खाली गेला. गवतात काय झाले ते आम्हाला दिसले नाही; पण हा शेवटचा क्षण प्रयोगशाळेत बारकाईने पाहिला गेलेला आहे. रॉजर पेन या अमेरिकन संशोधकाने 1950 च्या दशकात पूर्ण अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर वाळका पाला पसरून, गव्हाणी घुबडाला उंदीर पकडायला लावले होते. पुढे त्याने दोऱ्याला बांधलेला कागदाचा बोळा पाल्यातून ओढला, तेव्हा घुबडाने त्यावरही झडप घातली. म्हणजे वास नाही, उष्णता नाही, केवळ खसखस त्याला पुरली. झडपेच्या वेळी घुबड डोके थेट सावजाच्या रोखाने ठेवून येते, आणि अगदी शेवटी डोके मागे घेऊन, ज्या रेषेत डोके होते त्याच रेषेत पाय पुढे टाकते. चारांपैकी बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे दोन पुढे आणि दोन मागे अशी पकड तयार होते.

हे सगळे कानांच्या जोरावर चालते. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका उंचीवर नसतात. डावा जरा वर असून त्याचा रोख खाली, तर उजवा जरा खाली असून त्याचा रोख वर असतो. आवाज डावी-उजवीकडून येतो की वर-खालून, हे दोन्ही त्यामुळे एकाच वेळी कळते. चेहऱ्याची पांढरी तबकडी आवाज गोळा करून कानांकडे वळवते. आता ज्या पक्ष्याचे पोट पाल्यातल्या खसखशीवर अवलंबून, त्याच्या कानांपासून वीतभर अंतरावर त्याचे स्वतःचे पंख सेकंदाला तीन-चार वेळा हवा कापत आहेत. उंदराला चाहूल लागू नये म्हणून पंख शांत आहेत, असे आपण नेहमी ऐकतो. घुबडाला स्वतःला नीट ऐकू यावे म्हणूनही ते शांत असतील, हा विचार तेवढाच जुना आहे, आणि त्या दोन्हींपैकी खरे कोणते यावर पक्षिशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. या प्रवासात मी तोच प्रश्न मनाशी धरून निघालो होतो.

रविवार, दगडखाणीची घळ

शृंगी घुबडाला उठवू नये म्हणून आम्ही दुपारीच घळीच्या समोरच्या काठावर जाऊन बसलो. दख्खनमध्ये या घुबडांचा विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होतो, आणि ती कड्याच्या कपारीत किंवा चक्क उताराच्या जमिनीवर अंडी घालतात. त्यामुळे पलीकडच्या बाजूला पाऊल टाकायचे नाही, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही, हे आधीच ठरलेले होते. आवाज वाजवून घुबडाला बाहेर काढणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत. पक्षी येतो, छायाचित्र मिळते, आणि आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी शोधण्यात त्या पक्ष्याची अर्धी रात्र जाते.

संध्याकाळी कड्यावरून "बू-बोऽ" अशी खोल, घुमणारी साद आली, आणि मग दीड किलोच्या आसपासचा तो भारदस्त पक्षी कड्यावरून नुसता पुढे झुकला. पडता पडता त्याने पंख उघडले, तीन-चार संथ फटके मारले आणि पंख आडवे ताठ धरून संपूर्ण घळ तरंगत ओलांडली. तो आमच्या डोक्यावरून, फार तर बारा मीटर उंचीवरून गेला. माझे मित्र म्हणाले की त्यांना काहीच ऐकू आले नाही. मला एक अगदी मंद, खालच्या पट्टीतला श्वासासारखा आवाज आल्याचे वाटले. दोघांचेही खरे असेल. घुबडाचा पंख संपूर्ण मुका नसतो. त्याच्या आवाजातला 2000 हर्ट्झच्या वरचा भाग जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि खालचा भाग उरतो. उंदराचे कान नेमके त्या सीमेच्या वर तल्लख असतात, आणि पाल्यातल्या खसखशीतले जे बारकावे घुबडाला हवे असतात तेही वरच्याच पट्टीत असतात. एकाच कात्रीने दोन्ही कामे होतात, त्यामुळे शनिवारच्या प्रश्नाचे उत्तर शृंगी घुबडाने दिले नाही.

दुसरी गोष्ट मात्र त्याने दिली. ओढ्याच्या पात्रात, त्याच्या बसण्याच्या ठरलेल्या खडकाखाली, गळून पडलेले एक मोठे पीस आम्हाला सापडले. घुबडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांची पिसेही घरी न्यायची नसतात, म्हणून तिथेच बसून, विजेरीच्या उजेडात, दहा पटींच्या भिंगातून ते पाहिले आणि पुन्हा होते तिथे ठेवले. पंखाच्या सर्वांत बाहेरच्या बाजूचे ते पीस होते, त्यामुळे पुढची कडा हवेला सामोरी जाणारी होती, आणि तिच्यावर टोकांशी किंचित वाकलेल्या, एकमेकांपासून सुट्या, ताठ केसांची रांग होती. इतर पक्ष्यांच्या पिसात ही टोके शेजारच्या टोकाला चिकटून सरळ, बंद कडा तयार करतात. इथे ती मुद्दाम सुटी ठेवलेली. पिसाच्या वरच्या पृष्ठभागावर बोट फिरवले तर पृष्ठ लागतच नव्हते, लागत होती ती मखमल. भिंगाखाली ती असंख्य अतिबारीक तंतूंची उभी लव होती. आणि मागची कडा पाहिली, तर तिथे पिसाचे तंतू एकमेकांत अडकवणारे आकडे संपून गेलेले होते आणि कडेची टोके जुन्या लुगड्याच्या पदरासारखी सुटी, विसविशीत होऊन लोंबत होती.

कंगवा, मखमल आणि झालर ही तीन वैशिष्ट्ये एकत्र मांडून त्यांचा आवाजाशी संबंध जोडण्याचे काम आर. आर. ग्रॅहम या ब्रिटिश अभ्यासकाने 1934 साली केले, आणि ते छापून आले वैमानिक अभियंत्यांच्या नियतकालिकात, पक्षिशास्त्राच्या नव्हे. नव्वद वर्षे उलटून गेली तरी त्याची यादी टिकून आहे. बदलत गेले ते तीन गोष्टींचे स्पष्टीकरण. झालरीबद्दल सर्वांत कमी मतभेद आहेत. खळबळलेली हवा ताठ, धारदार कडेवरून एकदम सुटली की मोठा आवाज होतो. कडा मऊ आणि विरळ असेल, तर पंखाच्या वरची आणि खालची हवा हळूहळू एकमेकीत मिसळते आणि तो धक्का बोथट होतो. कारखान्यात आम्ही पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते पाडून हेच करू पाहत होतो. कंगव्याचे काम अधिक अवघड आहे. उतरताना किंवा झडप घालताना घुबड पंख हवेला मोठ्या कोनात धरते. अशा वेळी साध्या पंखावरची हवा पृष्ठभाग सोडून उधळते, तर कंगव्याचे वाकडे दात येणाऱ्या हवेचे लहान लहान प्रवाह करून तिला पंखालगत राहायला मदत करतात, असे मानले जाते.

मखमलीचे स्पष्टीकरण मला सर्वांत आवडते, कारण ते हवेबद्दल नाहीच. ख्रिस्तोफर क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या काळात असे सुचवले की मखमलीचे मुख्य काम पिसे एकमेकांवर घासतानाचा आवाज दाबणे हे असावे. पंख उघडताना आणि मिटताना प्रत्येक पीस शेजारच्या पिसावर सरकते. कबुतर उठताना जो खरखरीत आवाज येतो त्यात या घर्षणाचा वाटा मोठा असतो. घर्षणाचा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला असतो, म्हणजे नेमका उंदरालाही ऐकू जाणारा आणि घुबडाच्याही कानांत अडथळा आणणारा. आम्ही इतकी वर्षे पात्यांभोवतीच्या हवेचा विचार करत होतो. पाती एकमेकांना घासत नव्हती, त्यामुळे हा विचार आमच्या मनात येण्याचे कारणही नव्हते.

सोमवार, कडबनवाडीचे माळरान

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला चिंकारा आणि लांडगे पाहायला लोक येतात. आम्हाला हवे होते आखूड कानांचे घुबड, जे हिवाळ्यात उत्तरेकडून भारतात येते, उघड्या गवतात जमिनीवरच विसावते, आणि दिवस पुरता मावळण्यापूर्वीच उडू लागते. उड्डाण पाहायचे असेल तर यासारखे घुबड नाही, कारण ते उजेडात दिसते.

चार-साडेचारच्या सुमारास गवतावर भोवत्या घिरट्या घालू लागले. हा शिकारी पक्षी घुबडांचा जवळचा नातेवाईक नाही, तरी त्याचा चेहराही पिसांच्या तबकडीने वेढलेला असतो आणि गवतातला उंदीर तोही कानाने शोधतो. साडेपाचला, भोवत्या रात्रीच्या मुक्कामासाठी जमू लागले असताना, आमच्यापासून साठ-सत्तर मीटरवर गवतातून एक फिकट तपकिरी पक्षी उठला. लांब, तुलनेने अरुंद पंख, पसरले तर मीटरभर भरतील असे. मनगटाच्या जागी खालून गडद ठिपका. पंख खोल खाली जात, किंचित थबकत, आणि पुन्हा वर येत. दर काही फटक्यांनंतर पक्षी पंख उथळ इंग्रजी 'व्ही'च्या आकारात धरून तरंगे, एका अंगावर कलून वळे, वाऱ्याला तोंड देऊन थांबे, पायांनी गवत चाचपल्यासारखे करी आणि पुन्हा उठे. अर्ध्या तासात त्याने तीनदा गवतात उडी टाकली. एकदाच काही घेऊन वर आला.

माझ्या प्रश्नासाठी हा पक्षी मोलाचा ठरला. तो उजेडात शिकार करतो, उघड्यावर करतो, तरी त्याच्या पंखांवर झालर आहे, मखमल आहे आणि तो जवळून जाताना काही ऐकू येत नाही. शांत पंख हे केवळ अंधाराशी जोडलेले असते, तर या पक्ष्याला त्यांची गरज नसती. पण गुडघाभर गवतात दडलेला उंदीर दिवसाही दिसत नाही, तो ऐकावाच लागतो. शांततेचा संबंध रात्रीपेक्षा कानाशी अधिक आहे, या निष्कर्षाकडे माझे मन झुकू लागले.

याच जातीचा नर विणीच्या काळात, दूर उत्तरेत, मादीसमोर उडताना पंख पोटाखाली एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवल्यासारखा आवाज काढतो. तो सोहळा आपल्याकडे दिसत नाही, कारण तोवर हे पाहुणे परतलेले असतात. आवाज करायचा ठरवला तर हे पंख तो करू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मंगळवार, गाडीत

पुण्याहून अमरावतीच्या गाडीत बसलो, त्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हते. बोलण्याचा विषय मात्र रुळांवरच राहिला. जपानच्या पश्चिम भागातल्या रेल्वे कंपनीत एजी नाकात्सू नावाचे अभियंते होते, जे पक्षिनिरीक्षकही होते. 1997 साली सुरू झालेल्या 500 मालिकेच्या शिंकान्सेन गाडीचे तोंड त्यांनी खंड्याच्या चोचीवरून घेतले ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. छतावर तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफचा हवेतला आवाज कमी करण्यासाठी त्यांनी घुबडाच्या पिसाच्या दातांवरून धडा घेतला, हे कमी सांगितले जाते. बाजूच्या डब्यातली दारे रात्रभर ज्या आवाजात आपटत होती त्यावर मात्र कोणत्याही पक्ष्याकडे उपाय नसावा.

बुधवार, सेमाडोहजवळचे सागवान

मेळघाटात येण्याचे कारण रानपिंगळा. ज्या पक्ष्याच्या नावावर महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे पक्षी थोडे, त्यात हा पहिला. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 साली, ब्लेविट यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. 1884 मध्ये खानदेशात शेवटचा अस्सल नमुना मिळाला आणि त्यानंतर पक्षी नाहीसाच झाला. 1914 चा म्हणून एक नमुना गुजरातच्या नावे संग्रहालयात होता, तो रिचर्ड माइनर्टझॅगन यांनी चोरून, खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर चढवलेला जुनाच नमुना निघाला. त्या खोट्या नोंदीमुळे लोक भलत्या ठिकाणी शोध घेत राहिले. खऱ्या नमुन्यांच्या मूळ जागा तपासून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात आले, आणि 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला, आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

आमच्याबरोबर कोरकू समाजातले एक वाटाडे होते, ज्यांना त्या पक्ष्याची बसण्याची झाडे पाठ होती. सकाळी साडेआठला, चांगल्या उन्हात, एका निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर तो बसलेला दाखवला. गावातल्या पिंगळ्यापेक्षा डोके मोठे आणि डोक्यावरचे ठिपके जवळजवळ पुसलेले, पोट स्वच्छ पांढरे, पाय पिसांनी जाड. शेपूट तो अस्वस्थपणे डावी-उजवीकडे हलवत होता. भर दिवसा, उघड्यावर, खालच्या वाळक्या गवताकडे टक लावून बसलेला हा पक्षी पाहताना तो घुबडच आहे याची स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

मग तो उडाला, आणि आधीच्या दिवसांत डोळ्यांना लागलेली सवय एकदम मोडली. गोल, आखूड पंखांचे भराभर फटके, मग पंख अंगाशी मिटून क्षणभर नुसती फेक, पुन्हा फटके; त्यामुळे उड्डाणाची रेषा वर-खाली होत गेली. तरंगणे नाही, थांबणे नाही, चाचपणे नाही. तो आमच्यापासून पंधरा मीटरवरून गेला तेव्हा पंखांची फरफर आम्हा तिघांनाही ऐकू आली. जमिनीवर उतरून त्याने एक सरडा उचलला आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. रानपिंगळ्याच्या आहारात सरडे आणि पालींचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे त्याच्यावरच्या अभ्यासात दिसून आले आहे. उन्हात निश्चल पडलेला सरडा खसखस करत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. दिवसा डोळ्यांनी शिकार करणाऱ्या छोट्या पिंगळ्यांमध्ये पिसांवरचा कंगवा आणि झालर फारच थोडी असते. ज्याला ऐकायचे नाही, त्याने गप्प राहण्यासाठी एवढा खर्च का करावा?

खर्च हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. शांत पंख फुकट मिळत नाहीत. मोठा पंख वाहून न्यावा लागतो, वेग सोडावा लागतो, आणि मऊ, सुट्या तंतूंचे पीस लवकर झिजते व लवकर भिजते. गव्हाणी घुबडाचा पिसारा पाण्यापुढे फारसा टिकत नाही, म्हणूनच संततधार पावसात त्याची उपासमार होते. सरडे पकडणाऱ्या पक्ष्याने हा खर्च टाळला असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

गुरुवार, सिपनेच्या काठी

कोलकासजवळ सिपना नदी मोठ्या खडकांमधून वळणे घेत जाते आणि हिवाळ्यातही तिच्या डोहांत पाणी असते. इथे मत्स्य घुबड पाहायचे होते. संध्याकाळी आम्ही नदीच्या काठावर, परवानगी होती तेवढ्याच भागात, अर्जुनाच्या झाडाखाली बसलो. आकाशात थोडा उजेड होता तेव्हाच वरच्या वळणावरून मोठे घुबड नदीच्या पात्रावरून येताना दिसले, आणि दिसण्याच्या आधी ते ऐकू आले होते.

हे मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण वाचून माहीत असूनही त्यासाठी मी तयार नव्हतो. शृंगी घुबडाच्या आकाराच्या आसपासचा पक्षी, तसेच कानांसारखे पिसांचे तुरे, तशीच पिवळी नजर. पण पंखांच्या प्रत्येक फटक्याला हवा फाटल्याचा स्वच्छ आवाज, एखाद्या गिधाडाचा यावा तसा. डोहावरून जाताना त्याने पाय खाली सोडले, पाण्याला ओरखडा काढला आणि रिकामाच पलीकडच्या खडकावर जाऊन बसला. दुर्बिणीतून पाय पाहिले तर ते उघडे होते. शृंगी घुबडाच्या पायांसारखी पिसे त्यांवर नव्हती. बोटांच्या तळव्यांवर, निसटता मासा धरून ठेवण्यासाठी, बारीक काटेरी खवले असतात, ते अर्थातच एवढ्या अंतरावरून दिसले नाहीत.

या घुबडाच्या पिसांवर कंगवा नाही, झालर नाही, मखमल नाही, आणि चेहऱ्याची तबकडीही नावापुरतीच आहे. कारण भौतिकशास्त्रातच आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर पोहोचला की त्याच्या शक्तीचा हजारातला साधारण एक भाग आत जातो, बाकीचा वरच परावर्तित होतो. डोहातल्या माशाला वरच्या घुबडाचे पंख जवळजवळ ऐकू येत नाहीत, आणि घुबडालाही पाण्याखालचा मासा ऐकू येत नाही. त्याला तो पृष्ठभागावरच्या हालचालीवरून पाहावा लागतो. शिकार घुबडाला ऐकणार नाही आणि घुबड शिकारीला ऐकणार नाही, अशी दोन्ही कारणे इथे एकाच वेळी संपतात. त्यामुळे शनिवारच्या प्रश्नाचा निवाडा मत्स्य घुबडही करू शकत नाही हे खरे. पण कडबनवाडीचे उजेडात उडणारे गप्प घुबड आणि सेमाडोहचा फरफरणारा रानपिंगळा यांना शेजारी ठेवले, तर माझे मत घुबडाच्या स्वतःच्या कानाकडे झुकते. सरड्यालाही कान असतात. त्याच्यासाठी रानपिंगळ्याने गप्प राहायला हवे होते, आणि तो राहिला नाही. सरड्याला वरच्या पट्टीतले आवाज उंदराइतके ऐकू येत नाहीत, असे माझ्या मित्रांनी लगेच सुनावले, आणि त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. तो वाद परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघण्यापूर्वी, वाटाड्यांनी आम्हाला त्या घुबडाच्या खडकाखाली नेले. तिथे माशांची हाडे होती, पण त्यांहून जास्त होती ती खेकड्यांची कवचे, फोडून टाकलेली. मी पंखांच्या आवाजाचे माझे म्हणणे त्यांना सांगितले. ते हसून म्हणाले, "खेकड्याले कान कुठं असते जी साहेब? आन् तुमी म्हनता तसं ते उडून तरी कुठं येते त्याच्यासाठी!" मग त्यांनी डोहाच्या कडेची ओली वाळू दाखवली. तिच्यावर मोठ्या, रुंद बोटांच्या ठशांची एक रांग काठावरून उथळ पाण्यात उतरत गेली होती. खेकड्यांसाठी ते घुबड पायी आले होते.